आपल्या पोरी आशियात कितव्या?

या खेपेला क्रिकेटची पत्रं बाजूला ठेवली आहेत, रागावू नका. जुलै २०२५ मध्ये थायलंडहून बातमी आली तेव्हापासून महिला फुटबॉलबद्दल इतकं विचारलं जातंय, की अख्खं सदर त्यालाच द्यायचं ठरवलं. उत्तरं देणारी मी कोल्हापूरची. शाळेत पी.टी. शिकवली, जिल्ह्याच्या मॅचेसना शिट्टी वाजवली आणि शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून पाटाकडील तालमीच्या फुटबॉल मॅचला ओरडून घसा बसवून घेतला. तेव्हा माझ्याकडून तटस्थपणाची फार अपेक्षा ठेवू नका.

भारताच्या महिला संघाने थायलंडला हरवलं आणि तो आशियाई चषकाला पात्र ठरला, एवढंच पेपरात आलं. चार ओळी. त्या मॅचमध्ये नेमकं काय झालं ते सविस्तर सांगा की मॅडम. – एक वाचक, इचलकरंजी

चार ओळींत मावणारी ती मॅचच नव्हती. थायलंडमधल्या चिआंग माई शहरात पात्रता फेरी होती. गटात पाच संघ आणि पुढे जाणार फक्त एक. भारताने मंगोलियाला १३–० हरवलं, त्यात ओडिशाच्या प्यारी खाखाचे एकटीचे पाच गोल. मग तिमोर-लेस्तेला ४–० आणि इराकला ५–०. बेरीज करा, २२ गोल झाले आणि खाल्ला एकही नाही. आता गंमत बघा. थायलंडनेही याच तिघांना झोडपलं होतं आणि त्यांचेही गोल बरोबर २२, खाल्लेले शून्य! गुण तेवढेच, गोल तेवढेच. म्हणजे ५ जुलै २०२५ ची शेवटची मॅच जो जिंकेल तो ऑस्ट्रेलियाला जाणार, आणि बरोबरी झाली तर पेनल्टी शूटआऊट.

मैदान त्यांचं, प्रेक्षक त्यांचे. जागतिक क्रमवारीत थायलंड ४६ वा, आपण ७० वे. २०१५ आणि २०१९ असे दोन विश्वचषक खेळलेला संघ तो. अशा मॅचला पाहुणा संघ बहुतेक वेळा मागे दबून बसतो आणि शूटआऊटची वाट बघतो. आपल्या पोरी दबल्या नाहीत. पहिल्या अर्ध्या तासातच संगीता बसफोरने लांबून एक असा हाणला की थायलंडच्या गोलकीपरला काही करताच आलं नाही. मध्यंतर संपून जेमतेम खेळ सुरू होतोय तोच थायलंडने बरोबरी केली. रेफरी म्हणून सांगते, मॅच हातची जाते ती अशाच वेळी. मध्यंतरात अंग थंड झालेलं असतं, डोक्यात अजून कोचचे शब्द घोळत असतात आणि तेवढ्यात गोल बसतो. तिथून पुढची वीस-पंचवीस मिनिटं न ढासळता खेळणं, याला मी त्या दिवशीचं सगळ्यात मोठं काम समजते. मग ७४ व्या मिनिटाला कॉर्नर मिळाला, त्यावर पुन्हा संगीताच आणि या वेळी डोक्याने. २–१.

ही संगीता बंगालमधल्या कल्याणीची, खेळते मिडफिल्डला. गोल करणं हे तिचं रोजचं काम नाही. कोच क्रिस्पिन छेत्री होते. पात्रता फेरी खेळून, जिंकून आशियाई चषकात जाण्याची ही भारताची पहिलीच वेळ.

आणि हे थायलंड म्हणजे आपलं जुनं दुखणं. १९८३ च्या आशियाई चषकाच्या फायनलमध्ये त्यांनी आपल्याला ३–० हरवलं. २०१४ च्या इंचॉन एशियाडमध्ये १०–०. २०२३ मध्ये हांगझोऊच्या एशियाडमध्ये १–०. हा क्रम डोळ्यांपुढे ठेवला म्हणजे त्या २–१ चं वजन कळतं.

माझी आत्या सांगते, की तिच्या तरुणपणी गोव्याच्या मुली भारताकडून खेळायच्या आणि भारत आशियात दुसरा होता. घरात कोणाचा विश्वास बसत नाही. – एक वाचक, मडगाव

आत्या बरोबर आहे. तिला माझा नमस्कार सांगा.

१९७५ मध्ये लखनौला महिला फुटबॉलची स्वतंत्र राष्ट्रीय संघटना उभी राहिली. पुरुषांच्या महासंघाचा तिच्याशी काही संबंध नव्हता. पैसा नाही, सरकारी पाठबळ बेताचं, तरी राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाल्या. त्यातून जो संघ तयार झाला तो जानेवारी १९८० मध्ये कालिकतला आशियाई चषक खेळला. यजमान म्हणून आपण चक्क दोन संघ उतरवले होते, एक दक्षिणेचा आणि एक उत्तरेचा. ऑस्ट्रेलियातून पश्चिम ऑस्ट्रेलिया राज्याचा संघ आला होता. फायनलला आपला दक्षिणेचा संघ पोचला आणि तैवानकडून २–० हरला. १९८१ ला हाँगकाँगमध्ये आपण तिसरे, १९८३ ला बँकॉकमध्ये पुन्हा दुसरे. त्याच वर्षी शांती मलिक यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, महिला फुटबॉलपटूला मिळालेला पहिलाच. तुमच्या गोव्याच्या योलांडा डिसोझा याच पिढीतल्या. आत्याला हे नाव सांगून बघा, चेहरा खुलेल.

पण घरच्यांशी भांडताना एक गोष्ट लपवू नका. त्या काळी स्पर्धेत चीन नव्हता. चीन १९८६ ला आला आणि १९९९ पर्यंत सलग सात वेळा विजेता झाला. आपली दोन्ही उपविजेतेपदं चीन यायच्या आधीची. म्हणून ती खोटी ठरत नाहीत, मैदानात जो समोर येतो त्याच्याशीच खेळायचं असतं. मला राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. आशियातले बाकीचे देश मुलींच्या फुटबॉलवर पैसा लावायला लागले, नेमकं तेव्हाच आपण हात आखडता घेतला. नव्वदच्या सुमारास महिला फुटबॉल मुख्य महासंघाकडे आलं. वाटलं होतं, आता दिवस पालटतील. पालटले, पण उलट्या बाजूला.

भारतीय महिला फुटबॉल संघाचा सर्वांत मोठा विजय आणि सर्वांत मोठा पराभव कोणता? स्पर्धा परीक्षेसाठी हवंय. – एक विद्यार्थी, सातारा

विजय १८–०, भूतानवर, कॉक्स बाझारच्या सॅफ म्हणजे दक्षिण आशियाई देशांच्या स्पर्धेत, डिसेंबर २०१०. पराभव १६–०, चीनकडून, बँकॉक एशियाडमध्ये, डिसेंबर १९९८.

परीक्षेपुरतं झालं. आता परीक्षेत न येणारं. त्या १८–० नंतर २०१४ मध्ये आपला संघ इंचॉनला एशियाड खेळत होता. तिथे मालदीवला १५–० हरवलं, मग दक्षिण कोरियाकडून १०–० आणि थायलंडकडून १०–०. एकाच स्पर्धेत पंधरा गोल मारणारा आणि दोनदा दहा-दहा गोल खाणारा संघ चांगला म्हणायचा की वाईट? मला विचाराल तर त्या संघाला आपल्या तोडीच्या मॅचेसच मिळत नव्हत्या. समोर एक तर भूतान, नाही तर कोरिया. मधलं कोणी नाहीच. जिच्याशी अटीतटीची झुंज होईल अशी टीम वर्षातून आठ-दहा वेळा समोर आली तर खेळाडू सुधारते. पंधरा गोल मारून ती काय शिकणार? आणि दहा खाऊन तर त्याहून कमी शिकते.

अठरा गोल मारल्याचा व्हिडिओ मला अजून लोक पाठवतात. मी बघत नाही.

सॅफ स्पर्धा आपण पाच वेळा जिंकली असं वाचलं. मग आता बांगलादेशकडून हरायला काय झालं? – निवृत्त बँक कर्मचारी, डोंबिवली

पाच वेळा, तेही सलग. २०१० कॉक्स बाझार, २०१२ कोलंबो, २०१४ इस्लामाबाद, मग सिलिगुडी आणि २०१९ विराटनगर. पाचपैकी चार फायनल नेपाळशी. विराटनगरला तर नेपाळच्याच प्रेक्षकांसमोर ३–१. त्या वेळी कोच होत्या गोव्याच्या मेमॉल रॉकी. स्वतः भारताकडून खेळलेल्या आणि राष्ट्रीय महिला संघाच्या मुख्य प्रशिक्षक झालेल्या त्या पहिल्या महिला.

या पाच चषकांनी आपलं नुकसान केलं असं मी म्हणते आणि माझे मित्र माझ्यावर चिडतात. दर दोन वर्षांनी चषक घरी येत होता, फोटो छापून येत होते, त्यामुळे बाकी वर्षभर संघ काय करतो हे कोणी विचारलंच नाही. आणि २०१० च्या आधी काय होतं बघा. २००९ मध्ये फिफाने जागतिक क्रमवारीतून भारताच्या महिला संघाचं नावच काढून टाकलं होतं. कारण काय, तर दीड वर्षाहून जास्त काळ एकही आंतरराष्ट्रीय मॅच नाही. हरल्या म्हणून नव्हे हो, खेळल्याच नाहीत म्हणून! त्यानंतर २०१० ला ढाक्यात दक्षिण आशियाई खेळांत उतरल्या आणि सुवर्णपदक घेऊन आल्या.

बांगलादेशचं विचाराल तर त्यांनी प्राथमिक शाळांपासून सुरुवात केली. देशभरच्या प्राथमिक शाळांतल्या मुलींसाठी फुटबॉल स्पर्धा काढली. मैमनसिंह जिल्ह्यातल्या कलसिंदूर नावाच्या खेड्यातल्या शाळेतून एकामागून एक मुली राष्ट्रीय संघात गेल्या. त्या पोरी मोठ्या झाल्या आणि सप्टेंबर २०२२ मध्ये काठमांडूला त्यांनी आपल्याला ३–० हरवलं. सॅफमधला तो आपला पहिला पराभव. सेमीफायनलला नेपाळने १–० ने घरी पाठवलं. २०२४ ला तसंच, बांगलादेशकडून ३–१ आणि सेमीफायनलला नेपाळकडून पेनल्टीवर. दोन्ही वेळा चषक बांगलादेशचा. २०२५ मध्ये तर बांगलादेशही पहिल्यांदाच आशियाई चषकाला पात्र ठरला आहे.

२०२२ मध्ये आशियाई चषक आपल्याच दारात होता, नवी मुंबई, अंधेरी आणि बालेवाडीला. आमच्या सोसायटीतून डी. वाय. पाटील स्टेडियमचे दिवे दिसायचे. भारत मात्र एक मॅच खेळून गायब झाला. हरला नाही, तरी बाहेर कसा? – एक गृहिणी, नेरूळ

ताई, त्या आठवड्याचं मनातून जात नाही. २० जानेवारीला तुमच्याच डी. वाय. पाटीलवर भारत–इराण ०–० झाली. इराण पहिल्यांदाच या स्पर्धेत आला होता. आपल्याला संधी मिळाल्या, गोल झाला नाही. इथवर खेळाचा भाग. २३ तारखेला तैवानशी मॅच होती आणि तोवर आपल्या तंबूत कोविड शिरला. नियम असा, की मॅचसाठी किमान १३ खेळाडूंची नावं द्यावी लागतात. आपल्याला तेवढीही देता आली नाहीत. मॅच झाली नाही, संघाने स्पर्धेतून माघार घेतली असं धरलं गेलं आणि नियमानुसार त्याच्या सगळ्या मॅचेस रद्द. इराणशी झालेली ती ०–० सुद्धा तक्त्यातून पुसली गेली. यजमान देशाच्या नावापुढे काहीच उरलं नाही.

त्या स्पर्धेतून पुढच्या वर्षीच्या विश्वचषकाची दारं उघडत होती. क्वार्टर फायनल गाठली असती तरी आशा होती. ज्या तैवानशी आपण खेळू शकलो नाही, तो संघ क्वार्टर फायनलपर्यंत गेला. म्हणजे उंबरठा फार उंच नव्हता. पुढे ६ फेब्रुवारीला याच मैदानावर चीनने दक्षिण कोरियाविरुद्ध ०–२ वरून ३–२ अशी फायनल काढली. तुमच्या सोसायटीतून दिवे दिसले असतील ते त्या दिवशीचेही.

त्या वर्षाची आणखी एक जखम. ऑगस्टमध्ये फिफाने आपल्या महासंघावरच बंदी घातली. गोकुळम केरळच्या मुली आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचल्या होत्या आणि तिथूनच न खेळता परत आल्या. महासंघात कोणाची खुर्ची जाते आणि कोणाची राहते, याच्याशी त्या मुलींचा काडीचाही संबंध नव्हता.

एवढी वर्षं हरणाऱ्या संघाचं कौतुक कशाला? खेळात निकाल महत्त्वाचा. – एक स्पष्टवक्ता वाचक, पुणे ३०

निकालच सांगते. ऑगस्ट २०२५ च्या क्रमवारीत महिला संघ ६३ वा. पुरुषांचा संघ शंभराच्याही पलीकडे. पुरुषांबद्दल हाच प्रश्न विचारणारं तुमचं पत्र मला अजून मिळायचंय. टपालात गहाळ झालं असेल.

भारताच्या मुलींनी मोठ्या देशाविरुद्ध कधी काही करून दाखवलंय का? – एक वाचक, नांदेड

२५ नोव्हेंबर २०२१, ब्राझीलमधलं मनाऊस शहर. ब्राझीलची महान खेळाडू फोर्मिगा हिची ती निरोपाची मॅच. पहिल्याच मिनिटाला ब्राझीलचा गोल. आठव्या मिनिटाला पंजाबच्या मनीषा कल्याणने बॉल घेतला, धावली आणि मारला. १–१! मॅच आपण ६–१ हरलो, ते हरणारच होतो. पण ब्राझीलमध्ये, ब्राझीलविरुद्ध भारताच्या खेळाडूने मारलेला गोल तुम्हाला आणखी कुठे सापडतो का बघा. पुढच्या वर्षी मनीषा सायप्रसच्या क्लबकडून युरोपातल्या महिला चॅम्पियन्स लीगमध्ये खेळली, असं करणारी पहिली भारतीय. तिच्या आधी मणिपूरच्या बाला देवीने २०२० मध्ये ग्लासगोच्या रेंजर्स क्लबशी करार करून वाट पाडली होतीच.

मार्च २०२६ मध्ये ऑस्ट्रेलियात आशियाई चषकात काय होईल? विश्वचषक खेळू का? – बरेच वाचक

आपल्या गटात जपान, व्हिएतनाम आणि पुन्हा तैवान. बारा संघांचे तीन गट आहेत. प्रत्येक गटातले पहिले दोन पुढे जातात आणि तिसऱ्या आलेल्या तिघांपैकी दोघांनाही क्वार्टर फायनल मिळते. सेमीफायनल गाठणारे चौघे २०२७ च्या ब्राझील विश्वचषकाला थेट जाणार. क्वार्टर फायनलला हरलेल्या चौघांत पुन्हा मॅचेस होऊन आणखी दोघे थेट, उरलेल्या दोघांना बाहेरच्या खंडांतल्या संघांशी खेळून शेवटची संधी. म्हणजे सगळा प्रश्न गटात निदान बरा तिसरा क्रमांक मिळवण्याचा.

जपान माजी विश्वविजेता आहे आणि २०२३ मध्ये ताश्कंदला त्यांनी आपल्याला ७–० हरवलंय. तिथे गोल कमीत कमी खाणं हेच काम, कारण तिसऱ्यांची तुलना होते तेव्हा गोलफरक मोजतात. व्हिएतनामने तिथेच ३–१ हरवलं होतं. तैवानकडून मात्र हांगझोऊला आपण २–१ असे चुरशीने हरलो होतो. माझा हिशेब तैवानवर आहे, आणि ती गटातली आपली शेवटची मॅच आहे. त्याआधी चांगल्या देशांशी सरावाच्या मॅचेस किती मिळतात याकडे लक्ष ठेवा. नुसतं शिबिर भरवून भागायचं नाही.

मॅडम, मी नववीत आहे. आमच्या गावात मुलांच्या तीन टीम आहेत, मुलींची एकही नाही. मी मुलांच्यात खेळते. भारताच्या टीममध्ये सगळ्या मणिपूरच्याच का असतात? मला जायचं असेल तर काय करायचं? – तालुका कागल

सगळ्या नाही गं, पण पुष्कळ. तिथे प्रत्येक वस्तीचा आपला क्लब असतो, जसं आपल्याकडे प्रत्येक पेठेची तालीम. फरक एवढाच की त्यांच्या क्लबात मुली खेळतात आणि आपल्या तालमींच्या फुटबॉल टीममध्ये मी शिट्टी वाजवत होते तोवर एकही मुलगी नव्हती. राष्ट्रीय स्पर्धेचं विजेतेपद मणिपूरने वीसहून जास्त वेळा मिळवलंय. त्या चषकाचं नाव ठाऊक आहे? राजमाता जिजाबाई ट्रॉफी. नाव आपलं, चषक इम्फाळला! पद्मश्री मिळालेली बेमबेम देवी लहानपणी मुलाचं नाव सांगून मुलांच्यात खेळायची. तुला नाव बदलावं लागत नाही, एवढं तरी पुढे आलोय.

मणिपूर सोडूनही बघ. हरियाणातलं अलखपुरा हे एक खेडं, तिथल्या मुली देशाकडून खेळल्या. गोव्याची करिश्मा शिरवोईकर भारताकडून खेळली. कोल्हापूर सिटी नावाचा आपला संघ देशाच्या महिला लीगमध्ये खेळून आलाय. म्हणजे इथून रस्ता नाही असं नाही, रहदारी नाही.

आता कामाचं. मुलांच्यात खेळतेस ते सोडू नकोस, वेग आणि धक्का सहन करायची सवय तिथेच लागते. शाळेतल्या सरांना सुब्रोतो चषकाबद्दल विचार. सतरा वर्षांखालच्या मुलींचा गट असतो, तालुका आणि जिल्ह्यातून वर जाता येतं. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून तारखा कळतात. अकरा मुली जमत नाहीत म्हणून सर टाळतील. शेजारच्या शाळेतल्या मैत्रिणी घेऊन आधी सात-सात जणींच्या मॅचेस सुरू करा, संख्या आपोआप वाढते. मी एका शाळेत अशीच सुरुवात केली तेव्हा मुलींना मैदान मिळायचं ते मुलांचं खेळून झाल्यावर, अंधार पडायच्या बेताला. भांडून वेळ बदलून घेतली. तूही भांड. खेलो इंडियाच्या अस्मिता लीग मुलींसाठीच असतात, त्यातही नाव घाल. जन्मदाखला आणि आधारवरची तारीख एकच आहे का ते आजच बघून ठेव. पुढे जिल्ह्याच्या निवड चाचणीला गेलीस की महासंघाच्या ऑनलाइन नोंदणीत नाव लागतं, तिथे ही तारीख जुळली नाही तर चांगल्या चांगल्या मुली बाहेर बसतात.

आणि डावा पाय वापरतेस का? पुढच्या पत्रात कळव.